पावसाचा ताळेबंद आणि विज्ञानाचे व्यासपीठ

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून देशात राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात सुखरूप उतरले आणि तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला. ५ जूनचा पर्यावरण दिन आणि विश्वेश्वरय्यांच्या जयंतीचा, म्हणजे १५ सप्टेंबरचा, अभियंता दिन त्याआधीपासून आहेतच. या दिवसांच्या निमित्ताने आता तालुक्याच्या गावापर्यंत एक नवी प्रथा पोहोचली आहे. पंधरा-वीस मिनिटांची, एकामागून एक होणारी विज्ञानविषयक व्याख्याने! विषयही बहुधा ठरलेले असतात. बदलते हवामान, अंतराळ क्षेत्रातील करिअर आणि अभियांत्रिकीतील संधी. अठरा मिनिटांत विषय संपवण्याची शिस्त अमेरिकेतील 'टेड' व्याख्यानांनी जगभर रुजवली, तिचेच हे देशी रूप म्हणता येईल. महाविद्यालयाचे सभागृह भरते, मुले टाळ्या वाजवतात, वक्त्याबरोबर छायाचित्रे निघतात.

या प्रथेचे स्वागतच केले पाहिजे. ज्या समाजात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सत्कार समारंभांना तोटा नाही, तेथे कोणी वीस मिनिटे विज्ञानावर बोलत असेल तर ती मोठीच गोष्ट. प्रश्न आहे तो सभागृह रिकामे झाल्यानंतरचा. जे ऐकले त्याने ऐकणाऱ्याच्या जगण्यात, निर्णयात, निदान त्याच्या विचारण्यात काही फरक पडला का? राज्यातील सर्वांत मोठ्या, आणि पावसाच्या बाबतीत सर्वांत विचित्र म्हणाव्यात अशा जिल्ह्यांपैकी एक असलेल्या अहिल्यानगरच्या संदर्भात हा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर तपासून पाहता येते.

या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई उभे आहे. त्याच सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर परिसरात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून शंभर किलोमीटर पूर्वेला, पारनेरकडे आले की हाच आकडा पाचशेच्या आसपास येतो. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे डोंगराला धडकून वर चढतात, थंड होतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. पाठ्यपुस्तकात 'पर्जन्यछाया' या एका शब्दात संपणारी ही गोष्ट नगरच्या माणसाने पिढ्यान् पिढ्या टँकर, चारा छावणी आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर या रूपांत भोगली आहे. मात्र आपल्या वाट्याला आलेले हे भोग भौतिकशास्त्राच्या एका साध्या नियमातून आले आहेत, हे त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या गावाचे नाव घेऊन किती जणांनी सांगितले?

वस्तुतः अवघड ज्ञान लोकांच्या भाषेत सांगण्याची परंपरा या जिल्ह्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्ञानेश्वरी हे आधी बोलणे होते, समोर बसलेल्या श्रोत्यांशी केलेले बोलणे होते. संस्कृतात बंद असलेले तत्त्वज्ञान ज्या भूमीत मराठीत उतरले, त्याच भूमीत आज विज्ञान इंग्रजीत बंद राहावे, हा विरोधाभास खटकणारा आहे.

आधुनिक विज्ञान मराठीत येऊ लागले त्या काळातही नगरचे नाव पुढे येते. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली येथेच सुरू झाले. त्यातून खगोल-भूगोलाची नवी माहिती येत असे. पण त्या माहितीआडून हिंदूंच्या श्रद्धांवर घाव घालण्याचा आणि धर्मांतराची वाट मोकळी करण्याचा मिशनऱ्यांचा हेतूही लपून राहिलेला नव्हता. त्याला खरे उत्तर दिले ते एतद्देशीय विद्वानांनी, आणि तेही विज्ञान नाकारून नव्हे, तर आत्मसात करून. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' हे शास्त्रीय विषयांना वाहिलेले मासिक १८४० मध्येच काढले होते. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेल्या केरूनाना छत्र्यांनी ग्रहगणिताची कोष्टके मराठीत आणली, आणि टिळकांसारखे विद्यार्थी घडवले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालचा. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आणि पुढे गावोगावी तिच्या धर्तीवर निघालेल्या व्याख्यानमाला यांनी महाराष्ट्राला ऐकण्याची सवय लावली. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने तीच परंपरा विज्ञानाच्या क्षेत्रात चालवली. आजच्या वीस मिनिटांच्या व्याख्यानामागे असा दीर्घ वारसा आहे.

पण या सर्वांहून अधिक बोलके उदाहरण नगरजवळच्या एका लहानशा गावात आहे, आणि ते कोणत्याही विज्ञान दिनाच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही.

१९८९ साली पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले. गाव तेव्हा दुष्काळ, व्यसने आणि भांडणे यांनी पोखरलेले होते. पुढे आदर्श गाव योजनेत डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांची बंधने गावाने स्वतःवर घालून घेतली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी, की या गावात दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने ही पद्धत बसवली गेली. गावातील पर्जन्यमापकांवर किती पाऊस नोंदला, विहिरींची पातळी कोठे आहे, माणसांना आणि जनावरांना वर्षभर किती पाणी लागेल, आणि उरलेल्या पाण्यात रब्बीचे कोणते पीक किती क्षेत्रावर घेता येईल, हे सारे सर्वांसमोर मांडले जाते आणि ठरते. शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी आहे. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके घेऊ नयेत, असा नियम आहे. पाऊस कमी झाला की पिकांचा आराखडा बदलतो.

यातले गणित सातवीतल्या मुलाला जमेल असे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस झाला की गावाच्या शिवारात जवळजवळ ९८ कोटी लिटर पाणी उतरले. त्यातले काही बाष्प होऊन उडते, काही वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते, आणि उरलेले खडकाच्या भेगांतून खाली झिरपते. दख्खनच्या काळ्या बसाल्टमध्ये पाणी साठवण्याची जागा मुळातच थोडी. भूगर्भशास्त्र, जलविज्ञान, कृषिविज्ञान आणि अंकगणित एकत्र आणणारे हे व्याख्यान वर्षानुवर्षे ग्रामसभेत होत आले आहे. श्रोते शेतकरी आहेत. आणि व्याख्यान संपल्यावर एखादा शेतकरी कांद्याऐवजी ज्वारी पेरतो. विज्ञानावरच्या किती भाषणांच्या नशिबी असा परिणाम येतो?

अटल भूजल योजनेत केंद्र सरकारने महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक गावांसाठी पाण्याचा ताळेबंद हाच पाया मानला. नगरच्या गावात जे आधी करून पाहिले गेले होते, ते पुढे राष्ट्रीय धोरणात आले याचा अभिमान जिल्ह्याने बाळगायला हवा. पण अभिमानाबरोबर एक अप्रिय प्रश्नही उभा राहतो. हिवरे बाजारसारखा ताळेबंद जिल्ह्यातील इतर गावांच्या ग्रामसभांत मोकळेपणाने का मांडला जात नाही?

उत्तर उसाच्या फडात आहे. ब्रिटिश काळात भंडारदऱ्याला प्रवरेवर बांधलेले विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. ८२ मीटर उंचीचे हे धरण त्या काळी देशातील सर्वांत उंच होते. त्याच्या कालव्यांवर बागायत फुलली. आणि त्याच पट्ट्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून, १९५० साली गाळप सुरू करणारा, आशियातील पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला. सावकाराच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवणारे ते काम होते, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु उसाला एका हंगामात दीड ते दोन हजार मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही अधिक पाणी लागते, आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागात पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडतो. ही वजाबाकी कोणत्या तरी धरणातून, कोणत्या तरी विहिरीतून, कोणाच्या तरी वाट्यातून भरून काढावी लागते. जिल्ह्यातील अनेक शिक्षणसंस्था साखर कारखानदारीच्या आश्रयाने वाढल्या आहेत. विज्ञान व्याख्यानांची सभागृहे त्यांची, ध्वनिक्षेपक त्यांचा, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्याही त्यांच्याच. अशा व्यासपीठावर हवामान बदलावरचा वक्ता उत्तर ध्रुवावरच्या बर्फाविषयी तळमळीने बोलतो, मालदीवच्या बुडण्याविषयी बोलतो. समोरच्या शेतातल्या उसाविषयी बोलत नाही. त्यात वक्त्याचा दोष थोडा आणि आयोजकाचा अधिक. यजमानाला अवघड वाटेल असा एक आकडा तरी ज्या व्याख्यानात नाही, त्याला विज्ञान व्याख्यान म्हणावे का, याचा विचार झाला पाहिजे. ठिबक सिंचनाने पाण्याची मोठी बचत होते, हे सांगायचे तर आधी खर्च किती होतो हे सांगावेच लागेल.

हवामानाच्या विषयाचे महत्त्व आता कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक उष्ण ठरलेले पहिले वर्ष होते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो, आणि येत नाही तेव्हा आठवडेच्या आठवडे येत नाही. २०२५ ने हे दोन्ही दाखवले. मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत आले. मुंबईत एरवी ते ११ जूनच्या सुमारास येतात. मे महिन्यातच शिवारे भिजल्याने शेतकऱ्यांनी घाईने पेरणी करू नये, असे कृषी विभागाला सांगावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कायम दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत अतिवृष्टीने पिके आणि माती दोन्ही वाहून नेली. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांनी पुराच्या पाण्यातून सुटका होण्याची वाट पाहिली.

अशा वेळी शेतकरी कशावर भरवसा ठेवतो? पंचांगातल्या नक्षत्रांवर, आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या अनेक स्वयंघोषित अंदाजकर्त्यांवर. नक्षत्रांची थट्टा करून कोणतेही व्याख्यान यशस्वी होणार नाही, आणि तशी थट्टा अज्ञानाचीच खूण ठरेल. सूर्य मृगात येतो तो ७-८ जूनला. शतकानुशतकांच्या निरीक्षणातून पेरणीशी जोडलेली ती एक कालगणना आहे. मात्र पृथ्वीच्या आसाच्या परांचन गतीमुळे निरयन नक्षत्रे ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. ज्ञानेश्वरांच्या काळी मृगाचा सूर्य ऋतुमानाच्या हिशेबाने आजच्यापेक्षा जवळजवळ दहा दिवस आधी येत असे. हे दीक्षितांना आणि टिळकांना ठाऊक होते, कारण तेही आपल्याच ज्योतिषशास्त्राच्या अभ्यासातून आलेले ज्ञान होते. शेतकऱ्याच्या ओळखीच्या मृगापासून सुरुवात करून उपग्रहाच्या छायाचित्रापर्यंत जाणारे वीस मिनिटांचे बोलणे किती रंगू शकेल याची कल्पना करावी.

येथे डॉ. वसंत गोवारीकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कोल्हापुरात वाढलेला हा मराठी शास्त्रज्ञ थुंब्याला गेला, अग्निबाणाच्या घनइंधनावर त्याने काम केले, विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकपद भूषवले आणि मग पावसाकडे वळला. सोळा घटकांवर आधारलेले मोसमी पावसाच्या अंदाजाचे प्रारूप १९८८ पासून वापरात आले आणि चौदा वर्षे त्याने साथ दिली. २००२ साली ते चुकले. त्या वर्षी जुलै जवळजवळ कोरडा गेला आणि देशभरात मोसमी पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी झाला. हवामान विभागाने चूक मान्य केली, घटक तपासले, काही वगळले, आणि २००३ मध्ये नवी प्रारूपे पुढे आणली. विज्ञानावरच्या व्याख्यानांत ही हकिकत क्वचितच सांगितली जाते. यशाच्या कहाण्यांची सवय लागलेल्या व्यासपीठाला ती अडचणीची वाटत असावी. पण अंदाज चुकला म्हणून वेधशाळेला हसणाऱ्या गावकऱ्याला तीच सर्वांत आधी सांगितली पाहिजे. चुकलेल्या भविष्याची जबाबदारी कोणता मोबाइलवाला अंदाजकर्ता घेतो? २०१९ च्या सप्टेंबरात चांद्रयान-२ चे विक्रम अवतरक कोसळले, तेव्हाही भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने हेच केले. प्रत्येक आकडा तपासला, आणि चार वर्षांनी नवे यान कोणकोणत्या परिस्थितीत बिघडू शकेल याचा विचार करून घडवले.

अंतराळ क्षेत्रातील करिअर हा तर अशा कार्यक्रमांतील सर्वाधिक गर्दी खेचणारा विषय. तेथे बहुधा मोठ्या पदावरून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ येतात आणि स्वप्न पाहा, असे सांगून जातात. स्वप्नांविषयी तक्रार नाही. पण कर्जतच्या किंवा श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याच्या मुलाला आणि मुलीला वाटेचा नकाशा हवा असतो. इस्रोचा 'युविका' हा उपक्रम २०१९ पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी चालतो आणि त्याच्या निवडीत ग्रामीण शाळांतील मुलांना विशेष गुण मिळतात, ही माहिती किती मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहिली? तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत कोणत्या परीक्षेतून प्रवेश मिळतो, हे किती पालकांना माहीत आहे? इस्रो आयटीआय झालेल्या फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन मुलांनाही तंत्रज्ञ म्हणून घेते, हे ऐकल्यावर तर अनेक घरांत आश्चर्याने एकमेकांकडे पाहिले जाईल.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नगर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणारा उद्योग म्हणून या परिसराला ते परिचित. त्याच वालचंदनगरच्या कारखान्यात गेली अनेक दशके इस्रोच्या अग्निबाणांची कवचे घडत आली आहेत. चांद्रयान-३ ला घेऊन जाणाऱ्या प्रक्षेपकाच्या दोन बाजूंना जे दोन एस-२०० बूस्टर होते, त्यांची ३.२ मीटर व्यासाची पोलादी कवचे तेथील कामगारांच्या हातून गेली होती. प्रत्येक कवचात दोनशे टनांहून अधिक घनइंधन जळते. वितळजोडाची एक रेघ केसाइतकी चुकली तर काय होईल, हे त्या कामगाराला ठाऊक असते. उसाच्या रसाची टाकी आणि अग्निबाणाचे कवच यांमधले अंतर एका चांगल्या वेल्डरने पार केले, ही कथा साखरपट्ट्यातल्या मुलांना भावेल. तो वेल्डर व्यासपीठावर येऊन बोलला तर आणखीच उत्तम! जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही पारनेर-संगमनेरकरांना एका दिवसात पाहून येण्याजोगी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तारांची जाळी दोरखंडांच्या आधाराने ताणून ती परवडणाऱ्या खर्चात बांधण्याची युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची, म्हणजे पूर्णतः भारतीय. विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन भरते आणि खेडोपाड्यांतील मुले आपली उपकरणे घेऊन येतात. सभागृहातल्या दहा व्याख्यानांपेक्षा खोडदची एक सहल अधिक मोलाची ठरेल, असे म्हटले तर वक्त्यांनी रागावू नये.

अभियांत्रिकीबाबत जिल्ह्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ साली सुरू झाला. विजेची मागणी कमी असताना पाणी कोकणातल्या खालच्या जलाशयातून घाटमाथ्यावरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज निर्माण करायची. सौर ऊर्जा दिवसा भरपूर आणि संध्याकाळी शून्य, ही अडचण जगभर सतावत असताना या तंत्राचे महत्त्व वाढतच जाणार आहे. नगरच्याच वाहन संशोधन आणि विकास संस्थेने टाटांच्या सहकार्याने विकसित केलेल्या आठ चाकांच्या चिलखती वाहनाचा कारखाना २०२५ च्या सप्टेंबरात मोरोक्कोत सुरू झाला. शस्त्रे विकत घेणारा देश म्हणून हिणवल्या गेलेल्या भारताने परदेशात संरक्षण साहित्याचा कारखाना उभारावा आणि त्यामागची बुद्धी नगरची असावी, हे जिल्ह्यातील किती महाविद्यालयांना ठाऊक आहे? दुसरीकडे निळवंडे धरण आहे. १९७० साली मंजूर झालेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. त्रेपन्न वर्षांत स्थापत्यशास्त्राची अडचण किती होती आणि निर्णयशक्तीची किती, हाही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असाच विषय आहे. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली ती शेतकऱ्यांचे अर्ज आणि तक्रारी समजून घेत. केवळ नकाशावर रेघा मारून नव्हे.

विज्ञानाच्या व्यासपीठावर राष्ट्राभिमानाला स्थान असावे का, असा प्रश्न तथाकथित पुरोगामी वर्तुळात नाक मुरडून विचारला जातो. असावेच. आर्यभट, भास्कराचार्य, सुश्रुत यांची नावे न घेता भारतीय विज्ञानाचा इतिहास सांगता येणार नाही. परंतु याच उत्साहात काही वेळा पुराणकथांतील प्रत्येक वर्णन हे प्रत्यक्ष यंत्राचे वर्णन असल्याचे ठासून सांगितले जाते, तेव्हा हानी आपलीच होते. समोर बसलेला बुद्धिमान विद्यार्थी पुरावा मागतो, तो मिळत नाही, आणि मग तो भास्कराचार्यांवरही अविश्वास दाखवू लागतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी विज्ञाननिष्ठ निबंध लिहिले ते ज्या तळमळीने, त्या तळमळीचा वारसा सांगणाऱ्यांना पुराव्याची कसोटी जड वाटू नये. रमणीय वर्णन आणि सिद्ध झालेले ज्ञान यांतला फरक त्यांनी स्वकीयांना परखडपणे सांगितला होता, हे विसरता कामा नये.

राहिला प्रश्न ही व्याख्याने कोणी आणि कशी घ्यावीत, हा. १९७२ च्या दुष्काळात रा. स्व. संघ जनकल्याण समिती उभी राहिली, कारण तेव्हा उपाशी माणसाला अन्न आणि जनावराला चारा देण्याची निकड होती. आज त्याच तालुक्यांत पाण्याचा हिशेब शिकवण्याची निकड आहे. विज्ञान भारतीसारख्या संघटनेकडे देशभरातील शास्त्रज्ञांचा संपर्क आहे. गावातल्या कार्यकर्त्यांकडे शिक्षक, ग्रामसेवक आणि महिला बचत गट यांचा. ही दोन टोके जुळली तर मोठ्या सभागृहाची गरज पडणार नाही. देवळाचा सभामंडप पुरेल. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन यांना मिळून दहा मिनिटे आणि वक्त्याला वीस, हा क्रम एकदा उलटा होऊ न देता पाळून दाखवावा. त्यानंतर प्रश्नांसाठी वीस नव्हे, चाळीस मिनिटे ठेवावीत. वक्ता मोठ्या पदावरचाच हवा, हा आग्रहही सोडावा. शाळेची पायरी न चढलेल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे पेढी उभारून पद्मश्री मिळवली. बियाण्याच्या शुद्धतेवर आणि साठवणीवर त्या बोलू लागल्या तर कृषी पदवीधरांनी वही काढावी.

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या काही मतांशी अनेकांचे मतभेद असतील, पण त्यांची एक पद्धत कोणालाही उचलता येईल. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असे सांगत; आणि उत्तर खरोखर येत असे. सही हवी असलेल्या मुलाला आधी प्रश्न शोधावा लागे. जिल्ह्यातील प्रत्येक विज्ञान व्याख्यानाच्या शेवटी श्रोत्यांना अशी कोरी पोस्टकार्डे वाटली तर खर्च शालींपेक्षा कमीच येईल.

आणि ज्या शाळेत हवामानावर व्याख्यान होईल त्या शाळेला वक्त्याच्या हस्ते स्मृतिचिन्हाऐवजी पर्जन्यमापक दिला जावा. तो झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी बसवावा लागतो. नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यायची, तीही शक्यतो इयत्तेवार पाळी लावून, सुट्टीच्या दिवशी जवळ राहणाऱ्या मुलांनी. आकडा शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या दारातल्या फलकावर लिहायचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ताळेबंद मांडताना तो कोणालाही पाहता येईल. पाऊस पडला नाही त्या दिवसासमोर वहीत शून्य लिहावे. रकाना रिकामा सोडू नये.